पाण्याखालची दरी

१९८० नंतरच्या दशकात दमणगंगेवर मधुबन धरण उभे राहिले आणि दादरा-नगर हवेलीतील दुधनीची दरी सरोवर झाली. आदिवासींची शेते, पायवाटा, ओढे पाण्याखाली गेले. त्या बुडालेल्या भूमीची माहिती आता कोणाच्या उपयोगाची, असे वाटेल. परंतु गळ टाकणाऱ्याला तीच हवी असते.

अमेरिकेत रे स्कॉट याने १९६७ साली ‘बास’ माशांची मोठी स्पर्धा भरविली, तीही बीव्हर या धरणाच्याच सरोवरात. १०६ स्पर्धकांत जिंकला तो दूरच्या नॅशव्हिलचा स्टॅन स्लोन. हा स्थानिक माहितीचा पराभव म्हणावा काय? सरोवर नुकतेच भरलेले. त्या पाण्याचे जुने जाणकार असणार तरी कोठून?

१९७१ साली स्कॉटने २४ निवडक स्पर्धकांना विमानात बसविले आणि विमान उडाल्यावरच लेक मीडचे नाव सांगितले. आधी कळते, तर प्रत्येकाने तेथल्या माणसांकडे चौकशी केली असती! अंतःप्रेरणेची कसोटी घेण्यासाठी माहिती दडवावी लागली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. शिवाय ती प्रेरणा म्हणजे तरी काय? बुडालेले पात्र, झाडांचे बुंधे, उताराच्या कडा यांच्या आश्रयाने मासा राहतो, हा अनेक सरोवरांवरचा अनुभव.

परका गळवाला जे अंदाजाने ताडतो, ते दुधनीच्या वृद्धाने पायांनी तुडविलेले असते. मात्र ते कागदावर उतरलेले नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठची जमीन नातवंडांना दिसते. नदीचे मूळ पात्र तेव्हाही खोलच राहते.