एका गोळीच्या पाच तारखा : हैदराबाद, २ ऑगस्ट २००१

आपल्या मंडळात हैदराबादचा इतिहास म्हटला की गाडी बहुधा निजामशाही, मुक्तिसंग्राम, विवेकवर्धिनी आणि सुलतान बाजार याच स्टेशनांवर थांबते. बाळानगर, सनतनगर, जीडिमेटला इकडे कुणी फारसं वळत नाही. पण गेल्या पन्नास वर्षांत या शहराचं नाव जगाच्या बाजारात गेलं ते तिथल्या औषध कारखान्यांमुळे. त्यातल्याच एका प्रसंगाबद्दल हा लेख. यात लढाई आहे, पण ती तारखांची.

बैठकीत हा विषय काढला तेव्हा एका जुन्या सभासदांनी विचारलं, "अहो, पेटंट वीस वर्षांचं असतं. संपलं की संपलं. त्यात इतिहास कसला?" प्रश्न रास्त होता. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पेटंट म्हणजे सरकारने संशोधकाला ठरावीक मुदतीसाठी दिलेला मक्ता. त्या मुदतीत ती वस्तू दुसऱ्याने बनवायची नाही आणि विकायचीही नाही. त्याच्या बदल्यात संशोधकाने आपली कृती जाहीर करायची, म्हणजे मुदत सरल्यावर ती सगळ्यांची होते. म्हणून सगळं येऊन ठेपतं एका तारखेवर: मुदत संपते कधी? आणि ही तारीख काढायची तर आधी विचारावं लागतं, मुदत मोजायची कुठून?

नैराश्यावरचं 'प्रोझॅक' हे औषध घ्या. त्यातलं मूळ द्रव्य फ्लुओक्सेटिन. अमेरिकेच्या एली लिली कंपनीने त्याचा पहिला अर्ज १० जानेवारी १९७४ रोजी केला. संशोधक म्हणून त्यावर ब्रायन मोलॉय आणि क्लाउस श्मिगेल यांची नावं होती. आजच्या नियमाने, म्हणजे पहिल्या अर्जापासून २० वर्षं धरली, तर मुदत संपते १० जानेवारी १९९४ला. ही झाली पहिली तारीख. पण ती फक्त कागदावरची, कारण तेव्हा अमेरिकेत मोजणी वेगळी होती.

त्या काळी तिथे पेटंट मंजूर झाल्या दिवसापासून १७ वर्षं धरत. अर्ज किती वर्षं कचेरीत पडून राहिला याचा हिशेबच नव्हता. फ्लुओक्सेटिनच्या संयुगावरचं पेटंट मंजूर झालं २ फेब्रुवारी १९८२ला. त्यात १७ मिळवा: २ फेब्रुवारी १९९९. ही दुसरी तारीख.

इथे कंपनीची बाजूही ऐकायला हवी. पेटंट हातात पडलं म्हणजे औषध विकता येतं असं नाही. चाचण्या आणि सरकारी परवानगी यांत वर्षं जातात. प्रोझॅकला अमेरिकेत परवानगी मिळाली डिसेंबर १९८७च्या अखेरीस. म्हणजे १७पैकी जवळजवळ ६ वर्षं विक्रीशिवायच गेली. ही तूट थोडीफार भरून निघावी म्हणून १९८४च्या हॅच-वॅक्समन कायद्याने मुदतवाढ देऊ केली. कायदा आला तेव्हा ज्या औषधांची तपासणी आधीच चालू होती, त्यांना ही वाढ जास्तीत जास्त दोन वर्षांची. प्रोझॅकला ती मिळाली आणि तारीख सरकली २ फेब्रुवारी २००१वर. ही तिसरी.

पुढे १९९७च्या कायद्याने आणखी एक सवलत आली. कंपनीने लहान मुलांवर औषधाचा अभ्यास करून दिला की सहा महिने जादा. लिलीने तो करून दिला आणि चौथी तारीख झाली २ ऑगस्ट २००१.

आता पाचवी. खरी मेख इथेच आहे. १९७४चा तो मूळ अर्ज एकच राहिला नाही. त्यातून पोट-अर्ज निघत गेले. आपल्याकडे एका सर्व्हे नंबरचे पोटहिस्से पडतात तसंच हे: जमीन तीच, उतारे वेगळे. एका अर्जात संयुगावर हक्क, दुसऱ्यात ते वापरण्याच्या पद्धतीवर. पोट-अर्जाला जन्मतारीख मूळ अर्जाची, १९७४ची मिळते. पण १७ वर्षं मात्र त्याच्या स्वतःच्या मंजुरीपासून सुरू होतात. जन्म जुना आणि आयुष्य नवं! अशाच एका शाखेतलं पेटंट २ डिसेंबर १९८६ला मंजूर झालं. त्यातला वादाचा दावा होता, फ्लुओक्सेटिन देऊन सेरोटोनिनचं पुन्हा शोषण रोखण्याच्या पद्धतीवर. हिशेब करा: २ डिसेंबर २००३. एका अर्जातून सुरू झालेला मक्ता जवळजवळ ३० वर्षांनी संपणार!

चौथ्या आणि पाचव्या तारखेत अंतर होतं सव्वादोन वर्षांचं. २००० साली प्रोझॅकची विक्री अडीच अब्ज डॉलरच्या घरात होती, म्हणजे ती सव्वादोन वर्षं केवढ्याची हे सांगायला नको. आणि तेवढाच काळ रुग्णाला ब्रँडचाच भाव मोजावा लागणार होता.

बार लॅबोरेटरीज या अमेरिकी जेनेरिक कंपनीने हे आव्हान कोर्टात नेलं. खालच्या कोर्टात लिलीची सरशी झाली. पण पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या फेडरल सर्किट न्यायालयाने ९ ऑगस्ट २००० रोजी बाजू उलटवली. फेरसुनावणीनंतर मे २००१मध्ये निर्णयाची कारणं बदलली, निकाल तोच राहिला. म्हणणं थोडक्यात असं: चिंताविकारावर फ्लुओक्सेटिन देण्याचं पेटंट कंपनीकडे आधीपासून होतं. ते औषध दिलं की सेरोटोनिनचं शोषण आपोआप रोखलं जातंच. मग त्याच गोष्टीला दुसरं नाव देऊन दुसरं पेटंट कसं घेता येईल? दुहेरी पेटंट म्हणून तो दावा रद्द झाला आणि २००३ची तारीख पुसली गेली. पहिल्या निकालाच्या दिवशी लिलीचा शेअर सुमारे ३० टक्के कोसळला होता.

आता यात हैदराबाद कुठे आलं? जो पेटंटला आव्हान देऊन सर्वांत आधी अर्ज करतो त्याला अमेरिकी कायदा बक्षीस देतो: १८० दिवस जेनेरिक विकायचा हक्क इतरांना मिळत नाही. हे बक्षीस औषधाच्या प्रत्येक मात्रेसाठी वेगळं मोजलं जाई. २० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलचे १८० दिवस बारला मिळाले. ४० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलचे मिळाले हैदराबादच्या डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीजला. असा हक्क मिळवणारी ती पहिली भारतीय कंपनी. ऑगस्ट २००१मध्ये माल बाजारात उतरला आणि काही आठवड्यांतच बहुतेक प्रिस्क्रिप्शनं जेनेरिककडे वळली.

हे एकाएकी घडलेलं नाही. कंपनीचे संस्थापक डॉ. के. अंजी रेड्डी मूळचे गुंटूर जिल्ह्यातल्या ताडेपल्लीचे. शिकले मात्र मुंबईच्या यूडीसीटीत, म्हणजे माटुंग्याला, आणि पीएच.डी. केली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत. मग नोकरी आयडीपीएलमध्ये. सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या या सरकारी कारखान्याने हैदराबादला औषध रसायनांची तालीम दिली. डॉ. रेड्डीज निघाली १९८४ साली.

दुसरं कारण आपल्या कायद्यातलं. १९११च्या कायद्याने पेटंटची मुदत पुढे १६ वर्षं झाली होती, वर मुदतवाढीचीही सोय होती. न्या. राजगोपाल अय्यंगार यांचा अहवाल १९५९ साली आला आणि त्याच्या आधाराने १९७०चा कायदा झाला. तो २० एप्रिल १९७२पासून लागू झाला. औषधाच्या द्रव्यावर पेटंटच नाही, फक्त बनवण्याच्या प्रक्रियेवर. तेही पेटंटच्या तारखेपासून ७ वर्षं किंवा मंजुरीची मोहोर लागल्यापासून ५ वर्षं, यातलं जे आधी संपेल तेवढंच. या सवलतीत आपले रसायनतज्ज्ञ एकच द्रव्य दुसऱ्या वाटेने बनवायला शिकले. पण अमेरिकेत विकायचं तर नुसतं रसायन येऊन भागत नाही, तारखाही वाचता याव्या लागतात. २००१ साली या दोन्ही विद्या एकत्र आल्या.

आज मोजणी बरीच सरळ झाली आहे. अमेरिकेत ८ जून १९९५पासूनच्या अर्जांना मूळ अर्जापासून २० वर्षं, त्यामुळे पोट-अर्जाने आयुष्य लांबत नाही. भारतात २० मे २००३पासून सगळ्यांनाच अर्जापासून २० वर्षं आहेत आणि अमेरिकेसारखी मुदतवाढ नाही. पण जुनी खोड पूर्ण गेलेली नाही. मूळ द्रव्याच्या क्षारावर वेगळा अर्ज करून तारीख पुढे नेता येतेच. क्षयरोगावरच्या बेडाक्विलिनच्या बाबतीत तसा अर्ज झाला होता. मंजूर झाला असता तर मक्ता २०२७पर्यंत गेला असता. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी त्याला हरकत घेतली. दोघींनी क्षयरोगावर मात केली होती, पण जुन्या औषधांच्या विषारी परिणामाने दोघींची ऐकण्याची शक्ती गेली होती. मार्च २०२३मध्ये पेटंट कचेरीने अर्ज फेटाळला आणि १८ जुलै २०२३ला मूळ पेटंटची मुदत संपली.

तेव्हा "संपलं की संपलं" म्हणणाऱ्या आमच्या सभासदांना उत्तर एवढंच: संपतं हे खरं, पण कधी संपतं हे कुणीतरी बसून मोजावं लागतं. कोणता अर्ज पहिला, मंजुरी कधी, वाढ किती, पोटहिस्सा कुठला. ज्याने ते नीट मोजलं त्याने कारखाना उभा केला, नाहीतर रुग्णाच्या हातात स्वस्त गोळी ठेवली. बाळानगरच्या रस्त्याने पुढच्या वेळी जाल तेव्हा हेही आठवावं.