गाडी घासण्याआधी

गंजलेल्या जुन्या गाडीची पुनर्बांधणी सुरू कुठून होते? मंडळी, पान्यापासून नाही. यातलं ठेवायचं काय, इथून होते.

स्वित्झर्लंडमधल्या आस्कोना गावची बुगाटी ब्रेशिया घ्या. १९२५ सालची स्पोर्ट्स कार. तिची जकात थकली, तेव्हा १९३६ च्या सुमारास ती साखळीला बांधून माज्जोरे सरोवरात सोडली गेली. म्हणजे लागेल तेव्हा ओढून काढता येईल! साखळीच गंजली. गाडी ५३ मीटर खाली तळाला गेली. १९६७ मध्ये एका पाणबुड्याला ती दिसली आणि २००९ च्या जुलैत वर आली, पत्रा खाऊन गेलेल्या अवस्थेत. पुढच्या वर्षी पॅरिसच्या लिलावात अडीच लाखांवर युरो मोजून पीटर मुलिन यांनी ती कॅलिफोर्नियातल्या आपल्या संग्रहालयासाठी घेतली. आणि दुरुस्त न करता, आहे तशीच मांडली.

मला आधी ही चैन वाटली. पण बघा, बेंटलीच्या ‘ओल्ड नंबर वन’चे कितीतरी भाग बदलले होते, तरी १९९० मध्ये लंडनच्या न्यायालयाने ती तीच गाडी मानली, कारण तिचा इतिहास अखंड होता. (थिसिअसचं जहाज आमच्या वर्गात कधी सुटलं नाही, तिथे निदान निकाल लागला.) बुगाटीच्या इतिहासात सत्तरेक वर्षं पाणीच आहे. गंज घासला की ती वर्षंही जातात, आणि १९२५ काही परत येत नाही.

तेव्हा अशी गाडी दारात आलीच, तर पहिल्या दिवशी फक्त फोटो काढा, चेसी नंबर वाचा, बोल्ट कुठला ते चिठ्ठीवर लिहा. पॉलिश पेपर कपाटात राहू दे.