हुकूम की शिफारस? : अदब, तक्लीद आणि कायद्याचा एक मागोवा

आपल्या घरांत मूल बोलू लागले की त्याला सर्वांत आधी अदब शिकवला जातो. मोठ्यांसमोर आवाज चढवू नये, आजोबा किंवा मौलवीसाहेब बोलत असताना मध्ये बोलू नये, उस्ताद वर्गात आले की उठून उभे राहावे. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. त्यामुळे या अदबाचा लाभ आम्हाला रोजच मिळतो आणि त्याची किंमतही आम्ही जाणतो. अदब नसेल तर शाळा चालणार नाही, घरही चालणार नाही.

परंतु अदब लहानपणापुरता राहत नाही. तो पुढे अनेक रूपे घेतो. सामान्य मुसलमान इमामाच्या मताचा मान राखतो, त्याला तक्लीद म्हणतात. न्यायाधीश जुन्या ग्रंथाचा मान राखतो, त्याला कायदा म्हणतात. बहीण भावाचा मान राखते, त्याला आपण माहेरची माया म्हणतो. या तिन्ही ठिकाणी गोष्ट एकच घडते. माणूस स्वतःचा निर्णय बाजूला ठेवतो आणि दुसऱ्याचा निर्णय मान्य करतो. असा मान कुठवर राखावा? तो राखताना प्रश्न विचारता येतो की नाही? आणि त्याची किंमत कोण मोजतो? इतिहासात या प्रश्नांची उत्तरे शोधली तर बऱ्याच गोष्टी स्पष्ट होतात.

हजरत बरीरांचा प्रश्न

हदीसच्या ग्रंथांत, सहीह बुखारीतही, हजरत बरीरा (रजि.) यांची हकीकत आली आहे. त्या दासी होत्या, पुढे मुक्त झाल्या. त्यांचे पती मुगीस मात्र अजून गुलामच होते. दासी मुक्त झाली की गुलाम पतीबरोबर राहायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार तिला मिळत असे. बरीरांनी वेगळे होण्याचे ठरवले. मुगीस मदीनेच्या गल्ल्यांतून त्यांच्या मागे मागे रडत फिरत, अश्रूंनी त्यांची दाढी भिजून जाई. हे पाहून पैगंबर मुहंमद (स.) यांना दया आली. बरीरांनी परत जावे असे त्यांनी सुचवले. तेव्हा बरीरांनी नम्रपणे विचारले की हा आपला हुकूम आहे का? हुकूम नाही, केवळ शिफारस आहे, असे उत्तर मिळाले. मग बरीरांनी सांगितले की मला त्यांची गरज नाही. आणि गोष्ट तिथेच संपली. कोणी त्यांना बेअदब म्हटले नाही.

ज्यांच्याविषयी आदर बाळगणे हा ईमानाचाच भाग आहे, त्यांच्यासमोर काल-परवापर्यंत दासी असलेली एक स्त्री उभी राहते आणि हुकूम व शिफारस यांतला फरक विचारते. हुकूम असता तर त्यांनी तो पाळला असता, हे त्या प्रश्नातच आले आहे. म्हणजे आदर पूर्ण आहे आणि प्रश्नही पूर्ण आहे. कुरआनच्या अठ्ठावन्नाव्या सूरहचे नाव तर ‘अल्-मुजादिला’, म्हणजे वाद घालणारी स्त्री, असे आहे. पतीच्या अन्यायाची तक्रार घेऊन हजरत खौला (रजि.) आल्या, हुज्जत घातली, आणि जाहिलियाच्या काळापासून चालत आलेली जिहारची रीत मोडीत निघाली.

इमाम आणि त्यांचे शागिर्द

फिक्हच्या आरंभीच्या काळातही हीच वृत्ती दिसते. इमाम अबू हनीफा (मृत्यू इ.स. ७६७) यांचे दोन मोठे शागिर्द, इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहंमद, यांनी कितीतरी मसल्यांत आपल्या उस्तादाहून वेगळे मत दिले. ही मतभिन्नता हनफी ग्रंथांनी लपवली नाही, शेजारी शेजारी नोंदवून ठेवली. इमाम शाफई हे इमाम मालिक यांचे शागिर्द, तरी त्यांचा मजहब वेगळा झाला. इमाम मालिक यांच्याविषयी असे सांगितले जाते की त्यांचा ‘मुवत्ता’ हा ग्रंथ साऱ्या मुलखावर लागू करावा अशी खलिफाची इच्छा होती, पण खुद्द इमामसाहेबांनीच त्याला नकार दिला.

‘तक्लीद’ हा शब्द ‘किलादा’वरून आला आहे. किलादा म्हणजे गळ्यात घालायचा पट्टा किंवा हार. हार दागिना होतो, तसा जनावराच्या गळ्यातला पट्टाही होतो. दोन्ही अर्थ शब्दात आहेत. तक्लीद मुळात वाईट नाही. रत्नागिरीचा शाफई मच्छीमार किंवा सोलापूरचा हनफी विणकर प्रत्येक मसला स्वतः ग्रंथ उघडून ठरवू शकणार नाही. आजारी पडल्यावर आपण डॉक्टरवर विश्वास ठेवतो, तसा तो जाणकारावर विश्वास ठेवतो. पण केवळ वाडवडील मानत आले म्हणून मानायचे, याविषयी इमाम गजाली (मृत्यू इ.स. ११११) यांच्यासारख्या धर्मपंडितालाही शंका वाटली. ‘अल्-मुन्किज मिनज्जलाल’ या आत्मकथनात ते सांगतात की ख्रिस्ती घरातले मूल ख्रिस्ती, यहुदी घरातले यहुदी आणि मुस्लिम घरातले मुस्लिम होते हे पाहून तरुणपणीच त्यांच्या मनातली तक्लीदची गाठ सुटली. पुढे ते श्रद्धेकडे परतले, पण शंकेच्या वाटेवरून चालून परतले.

कंपनी सरकारचा मान

आता आपल्या देशाकडे येऊ. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने बंगालसाठी न्यायव्यवस्थेची योजना आखली. वारसा, विवाह अशा बाबतींत मुसलमानांना कुरआनचा आणि हिंदूंना शास्त्रांचा कायदा लागू करायचा, आणि इंग्रज न्यायाधीशाला सल्ला देण्यासाठी अदालतीत मौलवी व पंडित नेमायचे, असे ठरले. वरवर पाहता हा आपल्या धर्माचा मोठा मान होता. पण साहेबाला मौलवींवर अवलंबून राहणे आवडेना. म्हणून १७९१ मध्ये चार्ल्स हॅमिल्टनने ‘हिदाया’चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. मर्गीनानी यांचा बाराव्या शतकातला हा अरबी ग्रंथ आधी फारसीत आणला गेला आणि त्या फारसीवरून इंग्रजीत. १८६४ च्या ११ व्या कायद्याने अदालतीतल्या मौलवी-पंडितांची पदेच रद्द झाली. समोरचा प्रसंग पाहून फतवा देणारा जिवंत मुफ्ती गेला आणि भाषांतराचे भाषांतर उरले. ज्या ग्रंथाने उस्ताद-शागिर्दांचे मतभेद जपले होते, तोच आता एका कलमासारखा वाचला जाऊ लागला.

या काळातले तीन निकाल आपण एकत्र ठेवून पाहू.

पहिला मुंबईचा, १८४७ चा. खोजा आणि मेमन घराण्यांतल्या मुलींनी कुरआनप्रमाणे बापाच्या मालमत्तेत हिस्सा मागितला. समोरच्या पक्षाचे म्हणणे असे की आमच्या जमातीत मुलींना हिस्सा न देण्याची रूढी आहे. मुंबईच्या सुप्रीम कोर्टात सर अर्स्किन पेरी यांनी रूढीचा मान राखला आणि मुलींचे दावे फेटाळले. कुरआनात मुलीचा हिस्सा स्पष्ट सांगितलेला असूनही रूढी वरचढ ठरली.

दुसरा १८९४ चा, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचा. आपल्याच वंशजांसाठी केलेला वक्फ, वक्फ-अलल-औलाद, मुस्लिम फिक्हला मान्य होता. न्यायमूर्ती अमीर अली यांनी कलकत्त्यात त्याच्या बाजूने विस्तृत मत नोंदवले होते. प्रिव्ही कौन्सिलने ते मानले नाही आणि अशा वक्फांना अवैध ठरवले. म्हणजे इथे ना ग्रंथकारांचा मान राहिला ना आलिमांचा. मुंबईचे बॅरिस्टर मुहंमद अली जिना यांनी मांडलेल्या विधेयकातून १९१३ चा कायदा झाला, तेव्हा कुठे ती चूक सुधारली.

तिसरा निकाल १८९७ चा, त्याच प्रिव्ही कौन्सिलचा. एका विधवेने सूरह बकरहच्या २४० व्या आयतीच्या आधारे पतीच्या मालमत्तेतून एका वर्षाचा निर्वाह मागितला. कोर्टाचे म्हणणे असे पडले की इतक्या प्राचीन आणि थोर भाष्यकारांनी जो अर्थ लावला आहे, त्याच्याविरुद्ध कोर्टाने कुरआनचा स्वतःचा अर्थ लावणे योग्य नाही. विधवेची मागणी नामंजूर झाली. या तत्त्वामागे एक समजूतदारपणा होता, हे नाकारता येणार नाही. अरबी न जाणणाऱ्या परक्या न्यायाधीशांनी कुरआनचा अर्थ सांगू लागावे, हे कोणाला रुचले असते? पण तीनच वर्षांपूर्वी वक्फच्या बाबतीत हा संकोच कुठे गेला होता?

तिन्ही निकाल शेजारी ठेवले की दिसते ते असे. १८४७ मध्ये रूढीचा मान राखून कुरआन बाजूला ठेवले गेले. १८९४ मध्ये भाष्यकारांना बाजूला ठेवले गेले. १८९७ मध्ये भाष्यकारांचा मान राखून नवा अर्थ बाजूला ठेवला गेला. मान कोणाचा राखायचा हे दर वेळी सत्तेच्या सोयीने ठरले. आणि दोन प्रकरणांत कोर्टाच्या दारातून रिकाम्या हाताने परतल्या त्या स्त्रिया होत्या.

दार उघडले कसे

पुढच्या शतकात चित्र बदलले, आणि ते बदलण्यात आलिमांचा व स्त्रियांचा दोघांचाही वाटा होता. रूढीच्या नावाखाली मुलींचा हक्क बुडतो, या तक्रारीला उलमांच्या संघटनांनी आणि मुस्लिम महिलांच्या संस्थांनीही आवाज दिला. त्यातून १९३७ चा शरीअत कायदा झाला. त्यातून शेतजमीन मात्र वगळली गेली. म्हणजे जिथे खरी संपत्ती होती, तिथे रूढीला जागा शिल्लक राहिली. मद्रासने १९४९ मध्ये आणि केरळने १९६३ मध्ये आपापल्या राज्यापुरती ही उणीव दूर केली.

१९३९ चा विवाहविच्छेदाचा कायदा तर तक्लीदच्या इतिहासातले सोनेरी पान आहे. हनफी मतानुसार बेपत्ता पतीची वाट पाहत स्त्रीचे सारे आयुष्य निघून जाई. पंजाबात काही स्त्रिया सुटकेसाठी धर्मच सोडू लागल्या. तेव्हा मौलाना अशरफ अली थानवी यांच्यासारख्या कट्टर हनफी आलिमांनी ‘अल्-हीलतुन्नाजिजा’ या ग्रंथात मालिकी फिक्हचा आधार घेऊन मार्ग काढला. काझी मुहंमद अहमद काझमी यांनी मांडलेल्या विधेयकातून कायदा झाला. पती चार वर्षे बेपत्ता असेल किंवा दोन वर्षे खर्च देत नसेल, तर स्त्री कोर्टातून विवाह संपवू शकते. आपल्या इमामाचा पूर्ण मान राखूनही दुसऱ्या इमामाचे ऐकता येते, हे आलिमांनीच दाखवून दिले.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रातही पेटला. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. सातच स्त्रिया, पण प्रश्न विचारणाऱ्या. दलवाईंची सगळी मते पटोत न पटोत, त्या सात जणींचे धैर्य मान्य करावेच लागेल. १९८५ मध्ये शाहबानो प्रकरणात सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या पीठाने कुरआनच्या आयतींचा स्वतः अर्थ सांगितला, म्हणजे १८९७ चा संकोच सोडला. त्यावरून उठलेले वादळ आणि १९८६ चा कायदा सर्वांना ठाऊक आहे. मात्र २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच कायद्याचा अर्थ घटस्फोटितेच्या बाजूने लावला. २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या तेव्हाच्या औरंगाबाद खंडपीठातील पूर्णपीठाने सांगितले की पती तोंडाने म्हणतो म्हणून तलाक सिद्ध होत नाही, त्याचे कारण आणि समेटाचा प्रयत्न दाखवावा लागतो. २०१७ मध्ये एकाच दमात दिलेला तीन तलाक रद्दबातल ठरला. २०२४ मध्ये घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला फौजदारी संहितेच्या कलम १२५ खालीही पोटगी मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले. या प्रत्येक प्रकरणाच्या मुळाशी एखादी बाई आहे, जी गप्प बसली नाही.

हक्कसोड

इतके सगळे झाले, तरी एक कोर्ट अजून बाकी आहे. ते आपल्या घरातले. वडील गेले, चाळिसावा झाला की भाऊ तलाठ्याकडे वारसनोंदीला जातो आणि बहिणींपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. कोणी धमकावत नाही. फक्त एवढेच म्हटले जाते की ईदला, बाळंतपणाला, अडीअडचणीला माहेर हवे ना? बहीण सही करते. सूरह निसाने ठरवून दिलेला, भावाच्या निम्मा असलेला हिस्साही तिच्या हाती लागत नाही. दाढी, टोपी आणि निकाहच्या बाबतीत शरीअतचा आग्रह धरणारे घर जमिनीच्या बाबतीत १८४७ च्या रूढीचे होते. आणि याला आपण बहिणीचा अदब म्हणतो!

बहिणीने स्वखुशीने हिस्सा सोडला तर तिला कोण अडवणार? पण स्वखुशी ठरवायची कशी? आम्हाला वाटते, कसोटी बरीरांच्या प्रश्नातच आहे. सही करण्यापूर्वी त्या बहिणीला विचारता आले पाहिजे की भाईजान, हा हुकूम आहे की शिफारस? आणि तिने नाही म्हटले, तरी माहेरचे दार उघडे राहिले पाहिजे. नकार दिल्यावर नाते तुटत असेल, तर ती शिफारस कधीच नव्हती.

यासाठी आधी हिस्सा तिच्या नावावर चढवावा. सात-बारावर तिचे नाव लागावे. त्यानंतर तिला भावाला काही द्यायचे असेल तर तिने खुशाल द्यावे. ते देणे खरे देणे होईल. मशिदीतल्या जुम्याच्या बयानात नमाज-रोजाबरोबर वारशाचाही मसला सांगितला जावा, आणि तो भावांना उद्देशून सांगितला जावा. शाळेत आम्ही शिक्षक इल्मे-मीरासची गणिते अपूर्णांकांच्या धड्याबरोबर सहज शिकवू शकतो. मुलगा दोन हिस्से, मुलगी एक हिस्सा, आईचा सहावा हिस्सा, हे पाचवी-सहावीच्या मुलांना कठीण नाही. ते गणित सोडवणारी मुलगी उद्या कागदावर सही करण्यापूर्वी तो वाचून पाहील, आणि मुलगाही वाटणीच्या दिवशी आपला हिशेब नीट मांडील.

अदब आपल्या संस्कृतीची शोभा आहे, तो राहिलाच पाहिजे. मात्र ज्या अदबात बरीरांच्या प्रश्नाला जागा नाही, तो आपल्याला आपल्या बुजुर्गांकडून मिळालेला नाही. बुजुर्गांनी तर त्या प्रश्नाचे उत्तर दिले होते, आणि उत्तर ऐकून घेतलेला नकार मान्यही केला होता.