ब्रॉडबॉक शेतातील निचऱ्याचे पाणी

शेतजमिनीतून निचऱ्यावाटे अन्नद्रव्ये वाहून जातात व त्यामुळे नद्या-विहिरींचे पाणी बिघडते, हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धानंतर झालेल्या रासायनिक खतांच्या प्रसारातून उद्भवला, असा समज रूढ आहे. तो अर्धाच खरा होय. त्या काळात खतांचा वापर अनेक पटींनी वाढला हे निर्विवाद आहे. परंतु निचऱ्याच्या पाण्यातून नत्र किती जातो, वर्षाच्या कोणत्या काळात जातो आणि का जातो, या प्रश्नांची उत्तरे १८८२ पर्यंत छापून प्रसिद्ध झाली होती. उत्तरे हाती असूनही पाण्याच्या शुद्धतेच्या दृष्टीने त्यांचा विचार पुढे साठ वर्षे का झाला नाही, हा मुद्दा इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगा आहे. इंग्लंडमधील हार्पेंडन गावाजवळील रॉथॅमस्टेड येथील ‘ब्रॉडबॉक’ या एका शेताच्या वृत्तान्तावरून त्याचा बराचसा उलगडा होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडात जमिनीच्या निचऱ्याची जणू लाटच आली होती. चिकणमातीच्या थंड व ओल्या जमिनीत भूमिगत चर काढून निचरा करण्याचा पुरस्कार डीन्स्टनच्या जेम्स स्मिथने १८३१ मध्ये केला. १८४५ च्या सुमारास भाजलेल्या मातीच्या नळ्या यंत्राने काढता येऊ लागल्या व काम स्वस्त झाले. परदेशी धान्यावरील जकातीचे कायदे १८४६ मध्ये रद्द झाले. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने निचऱ्याच्या कामासाठी जमीनदारांना वीस लक्ष पौंडांपर्यंत कर्ज देण्याची तरतूद केली. पाणी नळीतून चरात आणि चरातून ओढ्यात गेले की काम पुरे झाले, अशीच तेव्हाची दृष्टी होती.

ब्रॉडबॉक शेतात जॉन बेनेट लॉज आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी १८४३ च्या शरदात गव्हाचा प्रयोग सुरू केला. शेताचे लांबट पट्टे पाडून प्रत्येकास दरवर्षी ठरावीक खत द्यावयाचे, एका पट्ट्यास काहीच द्यावयाचे नाही, आणि पीक मात्र सर्वत्र गव्हाचेच घ्यावयाचे, अशी ही योजना होती. १८४९ मध्ये प्रत्येक पट्ट्याच्या मध्यातून सुमारे दोन-अडीच फूट खोलीवर नळ्या घालण्यात आल्या. त्या केवळ जमीन कोरडी राहावी म्हणून घातल्या होत्या. प्रत्येक पट्ट्याची नळी स्वतंत्र असल्यामुळे प्रत्येक खताचे पाणीही स्वतंत्रपणे मिळू शकेल, हे महत्त्व नंतर ध्यानात आले. १८६६ मध्ये नळ्यांची तोंडे उघडी करून पाणी गोळा करण्याची व्यवस्था झाली, आणि ऑगस्टस व्होएल्कर व एडवर्ड फ्रँकलंड या दोन नामांकित रसायनशास्त्रज्ञांकडे त्या पाण्याचे पृथक्करण सोपविण्यात आले.

तत्पूर्वी, १८५० मध्ये, टॉमस वे याने एक महत्त्वाचे निरीक्षण नोंदविले होते. खताचे द्रावण मातीच्या थरातून गाळले असता अमोनिया, पालाश व स्फुरद ही द्रव्ये माती धरून ठेवते. नायट्रेट मात्र धरीत नाही, ते चुन्याबरोबर खाली निघून जाते. ब्रॉडबॉकच्या पाण्याने हे प्रत्यक्ष शेतात दाखवून दिले. अमोनियम क्षारांच्या रूपाने एकरी ४३, ८६ व १२९ पौंड नत्र मिळणाऱ्या पट्ट्यांच्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण त्याच क्रमाने चढत गेले. अमोनिया मात्र नावापुरताच आढळला. शेणखताच्या पट्ट्याची नळी तर क्वचितच वाहत असे. सेंद्रिय द्रव्याने भरलेली ती माती पाणीच सोडीत नव्हती. अमोनियाचे नायट्रेट जमिनीत होते कसे, याचा उलगडा १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोझिंग व म्युंट्झ यांनी केला. ते सूक्ष्म जीवांचे कार्य होय, हे त्यांनी दाखविले, आणि रॉथॅमस्टेडच्या रॉबर्ट वॉरिंग्टनने ते पुढे पडताळून पाहिले.

याहूनही बोलका पुरावा १८७० मध्ये बांधलेल्या निचरामापकांनी दिला. न हलविलेल्या मातीचे २०, ४० व ६० इंच खोलीचे तीन ठोकळे चोहोबाजूंनी विटांनी बंदिस्त करून त्यांखाली झिरपणारे पाणी मोजण्यात येऊ लागले. त्यांवर पीक घेतले नाही व खतही घातले नाही. तरीही आरंभीच्या काळात दरसाल एकरी सुमारे ४० पौंड नत्र नायट्रेटच्या रूपाने निघून जात होता, आणि हा ओघ पुढे कित्येक दशके हळूहळूच ओसरत गेला. म्हणजे गळती केवळ नुकत्याच घातलेल्या खताची नव्हे, तर मातीत पूर्वीपासून साठलेल्या नत्राचीही असते. आज खत थांबविले म्हणजे उद्या पाणी सुधारेल, ही अपेक्षा या निचरामापकांनी तेव्हाच फोल ठरविली होती.

लॉज, गिल्बर्ट व वॉरिंग्टन यांचा विस्तृत निबंध १८८१-८२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा रोख शेतकऱ्याच्या लाभहानीकडे होता. शरदात घातलेले अमोनियम क्षार हिवाळ्याच्या पावसात वाया जातात, तर वसंतात घातलेल्या खतातील नत्र वाढता गहू उचलतो. म्हणून खताची वेळ बदलावी, हा धडा त्यांनी काढला व स्वतः अंमलातही आणला. वाया गेलेला नत्र पुढे कोणाच्या पाण्यात गेला, हा प्रश्न त्यांच्या हिशेबाचा नव्हता.

तो ज्यांच्या हिशेबाचा असावयास हवा होता ते फ्रँकलंड, आणि येथेच या इतिहासातील खरी मौज आहे. नदी-प्रदूषणाच्या चौकशीसाठी १८६८ मध्ये नेमलेल्या शाही आयोगाचे ते सदस्य होते. लंडनच्या पाण्याचे नियमित पृथक्करणही तेच करीत. त्यांच्या लेखी नायट्रेट स्वतः अपायकारक नव्हते. ते केवळ साक्षीदार होते. पाण्यात नायट्रेट असणे म्हणजे त्यात पूर्वी केव्हातरी मैला वा प्राणिज घाण मिसळली असणे, असे गृहीत धरून त्यांनी ‘पूर्वदूषितते’चे माप बसविले. मैल्याचा वा शेणखताचा स्पर्श नसलेल्या, निव्वळ अमोनियम क्षारांच्या पट्ट्यांतील नायट्रेटयुक्त पाणी मात्र त्यांनीच तपासले होते! पटकी व विषमज्वर यांच्या साथींनी गांजलेल्या शहरात मैल्याचा शोध हेच मुख्य कर्तव्य ठरावे, हे समजण्यासारखे आहे. पुढे जंतुशास्त्राने रोगाचा शोध थेट जंतूंपर्यंत नेला, तेव्हा या साक्षीदाराचे महत्त्वही ओसरले.

या परंपरेचे धागे महाराष्ट्रापर्यंत येतात. व्होएल्कर यांचे चिरंजीव जॉन ऑगस्टस हे १८८९ मध्ये हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यास आले. त्यांचा अहवाल १८९३ मध्ये निघाला. पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी ताम्हणे यांच्यासह नीरा खोऱ्यातील खारपड जमिनींवर १९१० मध्ये लिहिले. मान पुढे १९२८ पासून इंग्लंडात वोबर्न येथे होते, आणि त्या केंद्राची धुरा दोन्ही व्होएल्करांनी वाहिली होती. नीरा कालव्याखाली निचऱ्याचा विचार झाला तो मात्र क्षारांच्या दृष्टीने. पाटपाण्याने वर आलेले क्षार धुऊन काढणे ही तेथील निकड होती. नत्राचा प्रश्न तेथे गौण राहिला.

पाण्यातील नायट्रेट हे स्वतःच दोषी ठरले ते १९४५ मध्ये. अमेरिकेतील आयोवा संस्थानात शेतावरील विहिरींचे पाणी घालून केलेले दूध पिणारी अर्भके निळी पडत असल्याचे हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी नोंदविले. नायट्रेटचे पोटात नायट्राइट होते व त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. (अशा विहिरींतील जंतुदोष व अर्भकांचे पोटाचे विकार यांचाही वाटा असावा, असे पुढील संशोधकांचे मत पडले.) पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटच्या मर्यादा त्यानंतर ठरल्या. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे ५० मिलिग्रॅम आहे, तर भारतीय मानकाची ४५.

थेम्स नदीच्या नायट्रेटची नोंद १८६८ पासून सलग उपलब्ध आहे. तीत फ्रँकलंडच्या काळातील पातळी दीर्घकाळ फारशी बदललेली दिसत नाही. पहिली मोठी चढ १९४० नंतरची आहे. युद्धकाळात अन्नधान्यासाठी जुनी कुरणे नांगरली गेली आणि मातीत साठलेला नत्र मोकळा झाला. खतांच्या वाढत्या वापराची चढ त्यानंतर दिसते. निचरामापकांनी लहान प्रमाणावर जे दाखविले होते, तेच येथे एका खोऱ्याच्या प्रमाणावर घडले.

स्फुरदाची कथा याहून उशिराची आहे. माती स्फुरद धरून ठेवते, हे वे याचे मत शतकाहून अधिक काळ निरपवाद मानले गेले. सरोवरात शेवाळ माजण्यास स्फुरदाची अत्यल्प मात्राही पुरते, हे कॅनडातील सरोवरांवरील प्रयोगांनी १९७० च्या दशकात सिद्ध केले, तरी त्याचा दोष मुख्यतः शहरी सांडपाण्यावर व वाहून जाणाऱ्या मातीवर ठेवला जाई. १९९३ मध्ये ब्रॉडबॉकच्या नळ्या नव्याने घालण्यात आल्या. त्यांतून आलेल्या पाण्याचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. ओल्सेन पद्धतीने मोजलेला मातीतील स्फुरद किलोग्रॅममागे सुमारे ६० मिलिग्रॅमपर्यंत असेतो पाण्यात स्फुरद अत्यल्प येतो. ती पातळी ओलांडली की तो झपाट्याने वाढू लागतो, असे दिसून आले. अशी पातळी ओलांडलेले पट्टे ब्रॉडबॉकवर होते, कारण त्यांना १८४३ पासून दीडशे वर्षे स्फुरद मिळत आला होता.