नर्सला पीएचडी कशाला?

ताईनं, म्हणजे माझ्या मावसबहिणीनं, नर्सिंगमध्ये पीएचडी करायचं ठरवलं तेव्हा मी पटकन बोलून गेलो, "नर्सला पीएचडी कशाला?" बारा वर्षं वॉर्डात काढलेली ताई शांतपणे म्हणाली, "रात्रपाळीला चाळीस पेशंट आणि आम्ही दोघी. याचा पेशंटवर काय परिणाम होतो, ते कोण मोजणार?"

लाज वाटली, म्हणून वाचायला बसलो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्याला हातातल्या दिव्यामुळे माहीत असते. पण क्रिमियन युद्धात जखमांपेक्षा रोगराईनं अधिक सैनिक मेले, हे तिनं १८५८ साली आकडे आणि आकृत्या मांडून सरकारला पटवलं. लंडनच्या सांख्यिकी संस्थेची ती पहिली स्त्री सदस्य. म्हणजे आधुनिक नर्सिंगच्या मुळाशीच मोजमाप आहे.

पुढे मात्र डॉक्टरांनी सांगायचं आणि नर्सनं करायचं, अशी वाटणी झाली. अमेरिकेत १९२०च्या दशकात कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात नर्सना डॉक्टरेटची वाट मिळाली, ती शिक्षणशास्त्रातून. १९६२ साली तिथल्या सरकारनं नर्सना संशोधक बनवण्याची योजना काढली, तीही शरीरक्रियाशास्त्र, समाजशास्त्र अशा इतर विषयांत पीएचडी करण्यासाठी. प्रश्न वॉर्डातला, पदवी मात्र दुसऱ्याच्या घरची!

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये डोरीन नॉर्टन ही नर्स वृद्ध रुग्णांच्या बेडसोरचा अभ्यास करत होती. निरनिराळी मलमं चोळण्यापेक्षा रुग्णाला ठरावीक वेळानं कुशीवर वळवणं महत्त्वाचं, हे त्यातून पुढं आलं. तिची गुण देण्याची पद्धत पुढे जगभर वापरली गेली.

ताईच्या प्रश्नाला हात घातला लिंडा एकन यांनी. त्या मूळच्या नर्स, डॉक्टरेट समाजशास्त्रातली. पेनसिल्व्हेनियातली १६८ रुग्णालयं आणि शस्त्रक्रिया झालेले सव्वादोन लाखांवर रुग्ण त्यांच्या गटानं तपासले. २००२ साली निष्कर्ष छापून आला: नर्समागे एक रुग्ण वाढला, की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी जास्त दिसते. कारण आणि परिणाम यांची गाठ एका अभ्यासानं पक्की होत नाही, हे खरं. पण "आम्ही कमी पडतो" या तक्रारीला आकड्याचं वजन आलं.

आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेनं नर्सिंगमधल्या पीएचडीसाठी राष्ट्रीय पातळीवरची व्यवस्था उभी केली, ती या शतकाच्या पहिल्या दशकात. ताई त्याआधीच्या पिढीत जन्मली असती, तर तिचा प्रश्न रात्रपाळीतच विरला असता.

परवा तिला फोन करून माझे शब्द मागे घेतले. ती म्हणाली, "ते राहू दे. संख्याशास्त्र शिकवशील का?"