कोठडीतला मृत्यू : जाब कोणी द्यायचा?

वडनेर भोलजीच्या चौकातही हा वाद होतो : सोमनाथ सूर्यवंशी आजाराने गेला की माराने?

१० डिसेंबर २०२४ ला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद आणि धरपकड झाली. त्यात पकडलेला वडार समाजातला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. शवविच्छेदनाने अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण दिले. मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत मारहाण नाकारली, श्वसनाचा आजार सांगितला.

मित्रहो, आईने मार सिद्ध करावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. ओडिशातील नीलाबती बेहरा खटल्यात १९९३ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कोठडीतल्या माणसाच्या जखमांचा खुलासा सरकारनेच करायचा. तरीही सोमनाथच्या आईला साधा गुन्हा नोंदवून घेण्यासाठी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात लढावे लागले. ४ जुलै २०२५ ला आदेश मिळाला. त्याविरुद्ध सरकारच सर्वोच्च न्यायालयात गेले, ३० जुलैला हरले.

म्हणून चौकातला प्रश्न बदला. तो कशाने मेला, हे आपल्याला विचारू नका. कोठडीची किल्ली ज्याच्या हाती होती, त्याला विचारा.

जय भीम! जय संविधान!