टाळ्यांची तबकडी

थ्रेड : मैदानातील गर्दीचा आवाज घरापर्यंत कसा पोहोचतो, आणि वाटेत त्याचे काय होते.

ऑगस्ट १९३८. सिडनीत रात्र झाली आहे. ऑस्ट्रेलियन ब्रॉडकास्टिंग कमिशनच्या स्टुडिओत समालोचक मायक्रोफोनसमोर बसला आहे. ज्या सामन्याचे वर्णन तो करतो आहे, तो सुमारे १७ हजार किलोमीटर दूर, लंडनच्या ओव्हल मैदानावर चालू आहे. त्याच्या हातात नुकतीच आलेली तार आहे. तो पेन्सिलीने लाकडावर ‘टक्’ असा आवाज काढतो : चेंडू बॅटवर आला. शेजारी ग्रामोफोनच्या तबकडीवर सुई टेकते : टाळ्या. लेन हटनचा चौकार.

इंग्लंडहून येणाऱ्या लघुलहरींचा तेव्हा भरवसा नव्हता. आवाज मध्येच विरून जाई. त्यावर काढलेला हा तोडगा. इंग्लंडमधून षटकागणिक सांकेतिक तारा निघत, सिडनीत त्यांचा उलगडा होई आणि अ‍ॅलन मॅकगिल्व्हरे, व्हिक रिचर्डसन यांच्यासारखे समालोचक समोर दिसत असल्यासारखे ‘डोळ्यांदेखत’चे वर्णन करीत. तार उशिरा आली तर हवामानावर बोलावे लागे, नाहीतर मैदानात काहीतरी किरकोळ घडवून आणावे लागे. गर्दी मात्र कधीच उशिरा येत नसे. ती तबकडीवर होती.

त्या डावात हटनने १३ तासांहून अधिक काळ फलंदाजी करून ३६४ धावा केल्या आणि ब्रॅडमनचा ३३४ धावांचा अ‍ॅशेस विक्रम मोडला. इंग्लंडने ७ बाद ९०३ वर डाव घोषित केला. आपल्या संघाची ही दुर्दशा ऑस्ट्रेलियातील कुटुंबे मध्यरात्रीपर्यंत जागून ऐकत राहिली. हे प्रक्षेपण स्टुडिओत ‘तयार’ होते, ही गोष्ट गुपित नव्हती; तरीही लोक ऐकत होते. कानावर पडणाऱ्या टाळ्या ओव्हलच्या नव्हत्या. पण ओव्हलवर थोड्या वेळापूर्वी टाळ्या वाजल्या होत्या, हेही खरेच. या प्रकाराला सरसकट ‘फसवणूक’ म्हणणे म्हणूनच अवघड जाते.

अमेरिकेतही हीच रीत होती. आयोवा राज्यातील एका नभोवाणी केंद्रावर शिकागो कब्जच्या बेसबॉल सामन्यांचे असेच तारेवरून वर्णन करणारा एक तरुण पुढे त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला : रोनाल्ड रेगन. तार बंद पडली तेव्हा आपण फलंदाजाला फाऊलवर फाऊल मारायला लावून वेळ काढला, हा किस्सा ते आयुष्यभर रंगवून सांगत.

याच्या अगदी उलट प्रयोग लंडनमध्ये आधीच होऊन गेला होता. वृत्तपत्रांच्या दबावामुळे बी.बी.सी.ला शर्यतींचे समालोचन करता येत नसे. १९२६च्या एप्सम डर्बीला मात्र केवळ आवाज प्रक्षेपित करण्याची मुभा मिळाली : घोड्यांच्या टापा, गर्दीचा गलका, बस्स. नेमका त्या दिवशी धो धो पाऊस पडला. चिखलात टापा वाजेनात आणि छत्र्यांखालची माणसेही गप्प. शंभर टक्के खरा आवाज, आणि ऐकणाऱ्याच्या हाती काहीच नाही! पुढच्याच वर्षी, जानेवारी १९२७ मध्ये, समालोचनाची परवानगी मिळाली आणि शब्द व गर्दी एकत्र ऐकू येऊ लागली.

या इतिहासातील खरी कलाटणी मात्र एका छोट्या उपकरणाने दिली, आणि तिची चर्चा फारशी होत नाही. १९३०च्या दशकात बी.बी.सी.ने ओठाला टेकवून बोलण्याचा मायक्रोफोन घडवला. तो बोलणाऱ्याचा आवाज घेतो आणि भोवतालचा कोलाहल बराचसा बाहेर ठेवतो. साधा मायक्रोफोन दोन्ही आवाज एकत्रच उचलत असे. जसे मैदान तसे प्रक्षेपण. आता गर्दीसाठी वेगळे मायक्रोफोन लावता येऊ लागले. समालोचक किती आणि गर्दी किती, हे प्रमाण ठरवणारा माणूस अस्तित्वात आला. तो पडद्यावर कधी दिसत नाही.

दूरचित्रवाणीने त्याचे काम कितीतरी वाढवले. फुटबॉलच्या मैदानाभोवती कडेकडेने मायक्रोफोन लावलेले असतात. चेंडू जिकडे जाईल तिकडचा मायक्रोफोन ध्वनितंत्रज्ञ उघडतो आणि बाकीचे मिटवतो. बूट चेंडूवर आदळल्याचा जो ठसठशीत ‘धप्’ आपण घरी ऐकतो, तो स्टेडियममधल्या प्रेक्षकाला ऐकू येत नाही. ऑलिंपिकच्या ध्वनीची रचना करणारे डेनिस बॅक्स्टर यांनी १९९६च्या अटलांटा स्पर्धेत धनुर्धर आणि लक्ष्य यांच्या मधल्या जमिनीवर मायक्रोफोन ठेवले. बाणाचा सणसणाट प्रेक्षकांच्या कानात आधीच होता. तो रॉबिन हूडच्या चित्रपटातून आलेला. नौकानयनात पाठलाग करणाऱ्या बोटी आणि हेलिकॉप्टर यांच्या घरघरीत वल्ह्यांचा आवाज बुडून जातो, म्हणून तो आधी मुद्रित करून शर्यतीच्या वेळी वाजवला जाई. बॅक्स्टर यांनी हे मोकळेपणाने सांगितले आहे. सिडनीतील पेन्सिलीचे हे थेट वंशज.

मग प्रश्न उरतो तो गर्दीचा. कोणता आवाज ‘वातावरण’ आणि कोणता ‘गोंगाट’?

दक्षिण आफ्रिकेत २०१०च्या विश्वचषकात हा प्रश्न ऐरणीवर आला. तेथील प्रेक्षकांचा व्हुव्हुझेला हा लांब प्लास्टिकचा भोंगा साधारण २३३ हर्ट्झवर, सामनाभर वाजत राही. बी.बी.सी.कडे पहिल्या काही दिवसांतच ५४५ तक्रारी आल्या. प्रक्षेपणात गाळण्या बसवल्या गेल्या. पण माणसाचा आवाजही त्याच पट्ट्यात येतो, त्यामुळे भोंगा फार कापला तर गर्दीही कापली जाते. फिफाने भोंग्यावर बंदी घालण्यास नकार दिला. युरोपीय महासंघाने मात्र त्याच वर्षी आपल्या स्पर्धांत तो बंद केला. लिव्हरपूलचे समूहगान ‘परंपरा’ आणि जोहान्सबर्गचा भोंगा ‘उपद्रव’, ही वाटणी ध्वनिशास्त्राने केलेली नाही.

२०२०च्या टाळेबंदीनंतर तर गर्दीच नाहीशी झाली. १७ जूनला इंग्लंडची प्रीमियर लीग रिकाम्या मैदानांवर पुन्हा सुरू झाली, तेव्हा स्काय स्पोर्ट्‌सने गर्दीचा आवाज ‘फिफा’ या व्हिडिओ गेमच्या संग्रहातून घेतला. दूरचित्रवाणीवरील सामन्याची हुबेहूब नक्कल करणे हा ज्या गेमचा हेतू, त्याच्याकडूनच दूरचित्रवाणीला उसनवारी करावी लागली! प्रेक्षकांना निवड मात्र दिली गेली : एका वाहिनीवर गर्दीसह सामना, दुसरीवर गर्दीविना. दुसरीवर खेळाडूंची हाकाटी आणि प्रशिक्षकांचा आरडाओरडा ऐकू येई. मैदानावर खरोखर होते ते एवढेच. त्याच वर्षी संयुक्त अरब अमिरातीत झालेल्या आयपीएलमध्येही हेच घडले. १० नोव्हेंबरला दुबईत मुंबईने दिल्लीला हरवले, तेव्हा महाराष्ट्रातील घराघरांत घुमलेला जल्लोष आधीच मुद्रित करून ठेवलेला होता.

या मुद्रित गर्दीला गोल कळतो, हुकलेली संधी कळते, थोडासा राग कळतो. तंत्रज्ञ त्या त्या वेळी तो तो आवाज सोडतो. १९३८च्या तबकडीपेक्षा तिचा साठा कितीतरी मोठा. तरीही या गर्दीला एक गोष्ट करता येत नाही.

फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलने एका तिकिटाचा दर ७७ पौंडांपर्यंत नेण्याचे ठरवले होते. सामन्याच्या ७७व्या मिनिटाला सुमारे १० हजार प्रेक्षक मालकांविरुद्ध घोषणा देत उठून गेले. लिव्हरपूल तेव्हा दोन गोलांनी पुढे होते. सामना २-२ असा सुटला. चार दिवसांनी मालकांनी दरवाढ मागे घेतली.